प्रभातफेरी ते बुलावा टोली

शाळेत असताना एकदाही प्रभातफेरीत चालला नाही असा माणूस आपल्यात विरळाच! साक्षरता दिन, पर्यावरण दिन, एड्स दिन... दिवस बदलायचा, हातातला फलक बदलायचा, घोषणांची चाल मात्र तीच. गल्लीतली माणसं दात घासत बघायची, आणि आमचं लक्ष शेवटी मिळणाऱ्या बिस्किटांच्या पुड्यावर.

मुळात हा प्रकार शाळेचा नव्हेच. १९३० च्या सविनय कायदेभंगात मुंबईत पहाटे देशभक्तीची गाणी म्हणत फेऱ्या निघत. पोरांच्या वानरसेना निरोप पोचवत. अलाहाबादच्या वानरसेनेत पुढे असलेली इंदिरा नेहरू तेव्हा जेमतेम बारा वर्षांची होती. त्या फेरीत धोका होता. स्वातंत्र्यानंतर धोका गेला आणि फेरी तेवढी वेळापत्रकात उरली, असं आपलं माझं मत.

पण सगळंच काही असं पोकळ झालं नाही. पल्स पोलिओचंच घ्या. देशभरची मोहीम डिसेंबर १९९५ मध्ये सुरू झाली. पहिल्या वर्षी तीन वर्षांखालची मुलं, पुढे पाच वर्षांखालची. शाळांनी फेऱ्या काढल्या, घोषणा दिल्या. उत्तर प्रदेशात मात्र घोषणांनी भागेना. या थेंबांनी मुलं पुढे वांझ होतात अशी अफवा पसरलेली, आणि २००२ साली देशात पोलिओचे १,६०० रुग्ण निघाले. त्यातले बहुसंख्य याच राज्यातले!

तिथे मग 'बुलावा टोली' आली. म्हणजे काय, तर मोहल्ल्यातलीच शाळकरी पोरं. बूथच्या दिवशी घराघरांतून लहान भावंडांना, शेजारच्या पिंट्या-मुन्नीला हाका मारून न्यायची. थेंब पाजले की डाव्या करंगळीला शाई. सरकारी माणसाला दार बंद करणारी आई शेजारच्या पोराला कशी 'नाही' म्हणणार? आणि कुठल्या घरात तान्हं बाळ आहे हे त्या पोरांना कागद न बघता ठाऊक. प्रभातफेरीत आम्हाला असं नेमकं काम कुणी दिलंच नव्हतं.

आता सगळं श्रेय पोरांना देणंही खरं नाही. बूथनंतर घरोघर फिरणाऱ्या बायका होत्या, २०१० मध्ये नवी द्विसंयुजी लस आली. २००९ मध्ये ७४१ रुग्ण, २०१० मध्ये ४२, आणि २०११ मध्ये एकच, हावड्यातली एक लहान मुलगी, १३ जानेवारीला. मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र दिलं.

त्या टोल्यांतली पोरं आता तिशीच्या आसपास असतील. त्यांची स्वतःची मुलं थेंब पिण्याच्या वयाची.