त्या थंडीला आजी नावं ठेवत नसे

निफाडला पारा चार-पाचवर उतरला की द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटतात आणि सकाळी पेपरात फोटो येतो. थंडीची माझी ओळख एवढीच होती. ऐंशीच्या दशकात शिकायला लेनिनग्राडला गेलो, तेव्हा आमच्या रशियनच्या बाईंची आई मला अधूनमधून चहाला बोलवायची. मी तिला आजीच म्हणायचो. 1941 साली ती अकरा वर्षांची होती.

8 सप्टेंबर 1941ला जर्मनांनी शहराची जमिनीवरची शेवटची वाट तोडली. 20 नोव्हेंबरपासून कामगाराला दिवसाला 250 ग्रॅम पाव, बाकीच्यांना 125. पण आजी भुकेविषयी फारसं बोलत नसे. बोलायची ती जळण आणि पाण्याविषयी.

वीज गेली, नळ गोठले, सगळं बिऱ्हाड एका खोलीत आलं. मधोमध ‘बुर्झुइका’, म्हणजे पत्र्याची शेगडी; तिचं धुराडं खिडकीतून बाहेर. तिच्यात आधी खुर्च्या गेल्या, मग कपाट, शेवटी पुस्तकं. जाड पुस्तक जळत नाही, नुसतं धुमसतं, ही आजीची तक्रार. पानं सुटी करावी लागत. ते काम हिच्याकडे. ही फाडता फाडता वाचत बसायची आणि आईचा ओरडा खायची.

पाणी नेव्हा नदीतलं. बर्फात भोक पाडलेलं; प्रत्येकाच्या बादलीतून थोडं सांडायचं, गोठायचं. भोकाभोवती गुळगुळीत चढच तयार झाला होता. माणसं पोटावर आडवी होऊन डबा सोडायची. घरच्या जिन्यातही तेच. आजी आधी बादली एक पायरी वर ठेवायची, मग बसल्या बसल्या स्वतः वर सरकायची. हे तिने मला खुर्चीतून उठून, जमिनीवर बसून करून दाखवलं. वयाच्या मानाने चपळ होती.

मी थंडीला नावं ठेवली की मात्र तिला पटायचं नाही. लाडोगा सरोवर गोठलं म्हणून तर 22 नोव्हेंबरला त्यावरून पिठाचे ट्रक निघाले. सुरुवातीला बर्फ इतका पातळ की गाड्या पुऱ्या भरता येत नसत, काही बुडाल्याही. तरी 25 डिसेंबरला पाव वाढला: 350 आणि 200. शिवाय रस्त्यांवर, अंगणांत साठलेली घाण आणि न पुरलेली प्रेतं थंडीने जागच्या जागी धरून ठेवली. थंडीने माणसं मारली हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिचे वडील त्याच जानेवारीत गेले.

बर्फ वितळला तर साथ येणार, म्हणून मार्चअखेर तीन लाखांहून जास्त लोक फावडी घेऊन बाहेर पडले. जेमतेम उभी राहणारी माणसं. त्यांनी सुमारे दहा लाख टन घाण उपसली. आजी आणि तिच्या आईच्या वाट्याला त्यांचाच जिना आला. 15 एप्रिलला ट्राम पुन्हा धावली, लोक रस्त्यात उभे राहून रडले म्हणतात. या दोघी तेव्हा कुऱ्हाडीने पायऱ्या मोकळ्या करत होत्या. पहिली ट्राम हुकली, याचा राग आजीच्या मनातून कधी गेला नाही.