निजामाच्या मुलखातली भानामती

गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीहून एक वाट एटापल्लीला जाते. त्या तालुक्यातल्या बारसेवाड्यात मे 2024 मध्ये एका बाईला आणि एका पुरुषाला गावकऱ्यांनी जाळून मारले. कारण छापून आले: ‘जादूटोण्याचा संशय’. त्याआधी, ऑगस्ट 2021 मध्ये, शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला सात जणांना भरचौकात बांधून मारहाण झाली. तिथे शब्द होता ‘भानामती’. हा फरक बातमीदाराच्या लहरीचा असेल असे मला वाटत नाही. त्याच्या मुळाशी एक पुसलेली सरहद्द आहे.

जिवती मूळची राजुरा तालुक्यातली, आणि राजुरा निजामाचा. 1956 साली तो नांदेडला जोडला गेला, 1959 मध्ये चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला. आलापल्ली मात्र प्राणहितेच्या अलीकडे, अहेरीच्या जमीनदारीत, म्हणजे इंग्रजांच्या मध्य प्रांतात. आता भानामतीचा मुलूख पाहा. मराठवाडा, ‘बाणामती’ या नावाने तेलंगण, बीदर-गुलबर्ग्याकडची कानडी गावे. तुकडे जुळवले की हैदराबाद संस्थानच समोर येते! किनारी आंध्रातही तेलुगूच बोलतात, पण तिथे याच प्रकाराला ‘चिल्लंगी’ म्हणतात. तेव्हा हा शब्द भाषेच्या नव्हे, राज्याच्या वाटेने फिरला.

तो आला कुठून? तेलुगूच्या बाजूने सांगतात की मूळ ‘बाण’: मूठ मारावी तसा मंत्राचा बाण सोडायचा. ऐकायला झकास. पण मग ‘मती’चे काय करायचे? शिवाय बोलीतली तेलुगू ‘भ’चा ‘ब’ सहज करते. मराठीने ‘ब’चा ‘भ’ कशाला केला असता? माझ्या मते उलटे घडले. ‘भाना’चे ‘बाना’ झाले, कानाला ओळखीचा ‘बाण’ सापडला आणि ‘न’चा ‘ण’ झाला.

दुसरी दावेदार दुर्योधनाची बायको भानुमती. तिचे नुसते नाव जुळते, बाकी काही नाही. मला पटते ती हिंदी मुलखातली भानमती, पिटाऱ्यातून वाटेल ते काढून दाखवणारी जादूगारीण. गारुड्यांबरोबर आणि फौजांबरोबर ती दक्षिणेत उतरली आणि दखनी बोलीने तिला गावोगाव पोचवले, असे मी धरून चालतो.

नावापेक्षा मोठा पुरावा भानामतीच्या लक्षणांत आहे. वाळत घातलेले लुगडे पेटते, घरावर दगड येतात, शिजल्या अन्नात घाण निघते, अंगावर फुल्या उमटतात. हे सगळे हातचलाखीचे खेळ आहेत. फुल्यांचे साधन तर याच जंगलात मिळते: बिब्बा. त्याचे तेल कातडीला लागले की फोड येतो, काळा डाग राहतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते अशा घरात गेले की आधी घरातलाच हात शोधतात, आणि बहुधा तो सापडतो. पिटारेवालीचे नाव या प्रकाराला चिकटले ते उगाच नाही. बारसेवाड्यासारख्या ठिकाणी मात्र आरोप असतो आजाराचा, मृत्यूचा. त्यात करामत दाखवायची नसते, माणूस शोधायचा असतो.

दखनात येताना त्या पिटारेवालीचे बाईपण मात्र गळाले. चेटकीण ही कोणीतरी असते. भानामती ‘होते’ किंवा कोणीतरी ‘करते’. वणी खुर्दला त्या ‘कोणीतरी’मध्ये पुरुषही होते.

साताऱ्या-कोल्हापुराकडेही भानामती म्हणतातच की, असा आक्षेप येईल. तिथे ती वर्तमानपत्रांतून आणि निर्मूलनाच्या मोहिमांतून पोचली असावी, असे माझे उत्तर.

20 ऑगस्ट 2013 रोजी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि वर्षानुवर्षे अडलेला अंधश्रद्धाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. त्याच्या अनुसूचीत ‘करणी, भानामती’ गुप्तधनाच्या शोधाशेजारी बसली आहे. मंत्राने जनावराचे दूध आटवल्याचा आळ घेणेही तिथे गुन्हा आहे. निजामाच्या मुलखातला शब्द असा प्राणहितेच्या अलीकडेही लागू झाला. ‘जादूटोणा’ला मात्र थेट कायद्याच्या नावातच जागा मिळाली.