बोटांची सवय आणि यंत्राची निवड : टंकयंत्रापासून मिहानपर्यंत

नागपूरच्या दक्षिणेस वर्धा मार्गालगत, खापरी, शिवणगाव, तेल्हारा, दहेगाव आणि कलकुही या गावांच्या शिवारावर जो प्रकल्प उभा राहिला, तो ‘मिहान’ या लघुनामाने ओळखला जातो. ‘मल्टी-मोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट अॅट नागपूर’ हे त्याचे पूर्ण नाव, आणि त्याच्या उभारणीसाठी राज्य शासनाने २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन केली. मूळ कल्पना मालवाहतुकीची होती. देशाच्या मध्यावरच्या या शहरात विमान, रेल्वे आणि रस्ता एकत्र आणावेत, हा तिचा गाभा. प्रत्यक्षात तेथील विशेष आर्थिक क्षेत्रात माल जितका येतो-जातो, त्याहून कितीतरी अधिक माणसे पाठीवर लॅपटॉपची बॅग घेऊन येतात-जातात, आणि त्यांच्यापैकी अनेकांपुढे कधी ना कधी हा प्रश्न उभा राहतो की घरच्या वापरासाठी पुन्हा विंडोजचाच लॅपटॉप घ्यावा की मॅककडे वळावे. हा प्रश्न वरकरणी किंमत आणि आवड यांचा वाटत असला, तरी मराठी मुलखात त्याचे उत्तर बऱ्याच अंशी आधीच ठरून गेलेले होते, आणि ते ठरवण्यात यंत्रांच्या गुणदोषांपेक्षा देवनागरीच्या कळफलकाचा आणि जुन्या फाइलींचा वाटा मोठा होता.

त्याची सुरुवात टंकयंत्रापासून करावी लागते. नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी असल्यामुळे येथील कचेऱ्यांत इंग्रजी, मराठी आणि हिंदी अशा तीन भाषांचे लेखनकाम चाले, आणि १९६० नंतर महाराष्ट्राची उपराजधानी म्हणूनही कारकुनी कामाचा हा भार कायम राहिला. देवनागरी टंकयंत्रावर जी मांडणी रूढ झाली, तिला रेमिंग्टन कंपनीच्या नावावरून आजही ‘रेमिंग्टन’ म्हणतात. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांच्या शासकीय परीक्षेची तयारी करताना ही मांडणी बोटांत भिनत असे, आणि परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर नोकरी मिळे ती त्या बोटांच्या जोरावर. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे की अशा माणसाच्या लेखी यंत्र बदलणे म्हणजे पोटापाण्याचे कसब पुन्हा पहिल्यापासून शिकणे होते. त्यामुळे पुढे संगणक आला तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला तो हाच, की यावर आपली बोटे चालतील का.

संगणकाच्या बाजूने पाहिले तर १९८४ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे ठरते. त्या जानेवारीत अमेरिकेत ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश बाजारात आला, आणि त्याच नोव्हेंबरात भारत सरकारने नवे संगणक धोरण जाहीर करून आयातीची बंधने सैल केली. दुसऱ्याच वर्षी पेजमेकर हा पानजुळणीचा प्रोग्रॅम आणि लेझर छपाईचे यंत्र मॅकच्या जोडीला आले, आणि शिशाचे खिळे जुळवण्याऐवजी पडद्यावर पान मांडण्याची, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘डीटीपी’ म्हणतात ती कामाची रीत जन्माला आली. तर्काने पाहता मराठी छापखान्यांनी मॅकच उचलायला हवा होता, कारण छपाईसाठी त्या काळी त्याच्या तोडीचे दुसरे यंत्र नव्हते. तसे सरसकट झाले नाही, आणि त्याचे कारण यंत्राच्या खोक्यात सापडते.

मूळचा मॅक हा बंद खोका होता. त्यात बाहेरचे कार्ड बसवण्याची सोय नव्हती. आयबीएमच्या धर्तीवर बनलेल्या पीसीच्या पोटात मात्र रिकाम्या खाचा असत, आणि भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे पहिले यशस्वी काम याच खाचांच्या आधारे झाले. आयआयटी कानपूर येथे मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेले आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ या संस्थेने पुढे नेलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान एका कार्डाच्या रूपाने पीसीत बसत असे, आणि ते बसवले की इंग्रजीसाठी बनलेल्या साध्या प्रोग्रॅममध्येही देवनागरी अक्षरे उमटत. त्यामागे दोन गोष्टी होत्या. एक, १९८६ साली प्रमाणित झालेली ‘इन्स्क्रिप्ट’ ही कळफलकाची मांडणी, जीत डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने वर्णमालेच्या वर्गांनुसार येतात. आणि दुसरी, ‘इस्की’ ही संकेतावली, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, जी १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून निश्चित झाली. अशा रीतीने मराठी भाषा पीसीच्या घरात राहायला गेली ती एका रिकाम्या खाचेतून, आणि मागाहून मॅकवरही भारतीय लिप्यांची सोय झाली तरी तोवर बिऱ्हाड मांडून झाले होते.

नव्वदच्या दशकात विंडोज ३.१ आणि मग विंडोज ९५ आले, आणि कार्डाची जागा फाँटच्या पॅकेजांनी घेतली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम आणि सर्वत्र नक्कल होऊन पसरलेला कृतीदेव ही नावे छापखान्यांत घरोघरच्या मसाल्यांसारखी परिचित झाली. या फाँटांची युक्ती साधी होती आणि तिच्यातच पुढच्या सगळ्या अडचणींचे बीज होते: रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत, आणि संगणकाला मात्र ती रोमन अक्षरेच वाटत. कृतीदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द लिहिला, तर संगणकाच्या वहीत नोंद होते ती ‘ई, जे, के, मोठा बी, एच’ अशी. ही जुळणी ओळखीची वाटावी यात नवल नाही, कारण टंकयंत्रावर ‘म’ ज्या कळीवर होता तीच ही ‘ई’ची कळ होय, म्हणजे टंकयंत्राची बोटे जशीच्या तशी संगणकावर आली. फाँट काढून घेतला की मजकुराची भाषाच नाहीशी होई, आणि एका कंपनीच्या फाँटमध्ये जुळवलेला मजकूर दुसरीच्या फाँटमध्ये निव्वळ गिचमिड दिसे. त्यातच काही पॅकेजे ‘डोंगल’च्या पहाऱ्यात विकली जात, डोंगल म्हणजे संगणकाच्या मागच्या प्रिंटरच्या पोर्टात खोचायचा अंगठ्याएवढा तुकडा, जो नसेल तर प्रोग्रॅम उघडतच नसे. पीसीचे ते पोर्ट मॅकवर मुळात नव्हतेच.

नागपूरसारख्या शहरात याला बाजाराची जोड मिळाली. सीताबर्डीवरून, म्हणजे नागपूरकरांच्या बोलीत ‘बर्डी’वरून, सुटे भाग आणून जोडलेला ‘असेंबल्ड’ संगणक स्वस्तात मिळे, बिघडला तर त्याच गल्लीत दुरुस्त होई, आणि त्यावर विंडोज, पेजमेकर, कोरल ड्रॉ आणि मराठी फाँट ‘टाकून’ मिळत. हे सारे रीतसर विकत घेतलेले असेच असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. लग्नपत्रिका, बिलबुके आणि मागाहून आलेले फ्लेक्स यांचा सगळा व्यवसाय कोरल ड्रॉवर चाले, आणि या प्रोग्रॅमने २००२ च्या सुमारास मॅकची साथ सोडली ती थेट २०१९ मध्ये पुन्हा धरली. पेजमेकरची गत याहून विचित्र झाली. ज्या मॅकवर तो जन्मला त्या मॅकवरच त्याची शेवटची, म्हणजे सातवी, आवृत्ती २००७ नंतरच्या प्रणालीत उघडेनाशी झाली, तर विंडोजवर ती पुढे कितीतरी वर्षे चालत राहिली. मॅकने जुने मागे टाकायचे आणि विंडोजने जुने पाठीवर वाहायचे, हा दोन्ही प्रणालींचा स्वभावभेद आहे. सौंदर्यदृष्टी आणि वेग यांची बाजू मॅककडे झुकते हे मान्य करूनही, ज्याच्या कपाटात दहा वर्षांच्या दिवाळी अंकांच्या सीडी पडल्या आहेत त्याला पाठीवर ओझे वाहणारे जनावरच परवडते. हिशेबनिसांचीही हीच कथा. टॅली हा हिशेबाचा प्रोग्रॅम विंडोजसाठी बनलेला, आणि त्यामुळे व्यापाऱ्याच्या गादीपासून सनदी लेखापालाच्या कार्यालयापर्यंत विंडोजला पर्याय असू शकतो हा विचारच फारसा रुजला नाही.

कोंडी फुटू लागली ती युनिकोडमुळे. जगातल्या सर्व लिप्यांना एकाच संकेतावलीत क्रमांक देणाऱ्या या पद्धतीची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीवरच बेतलेली होती. विंडोज २००० या प्रणालीत ‘मंगल’ फाँटसह देवनागरी अंगभूत आली, मॅकच्या नव्या प्रणालीतही थोड्याच काळात ती सोय झाली, आणि इन्स्क्रिप्टचा कळफलक दोन्हीकडे आयता मिळू लागला. तरीही मराठीच्या वाट्याला काही काटे उरलेच. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा ‘ऱ’, ज्याची आडवी रेघ डोळ्याच्या पापणीसारखी दिसते, तो उमटवण्यासाठी नुक्ता असलेला ‘ऱ’, मग हलन्त आणि मग ‘य’ असा क्रम साधावा लागे, आणि तो न साधलेल्या पानावर ‘दुसर्या’ छापून जाई. आणखी मौजेची बाब ‘ॲ’ या अक्षराची आहे. मराठीत हे अक्षर ‘अ’वर चंद्र देऊन लिहितात, पण युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. तोवर संगणकावर ‘ए’वर चंद्र असलेला ‘ऍ’ वापरून किंवा तुकडे जोडून भागवावे लागे, आणि जुन्या यंत्रांवर नव्या अक्षराच्या जागी रिकामा चौकोन दिसे. ज्या कंपनीचा संगणक घ्यावा की नाही याचा खल चालू होता, त्या ॲपलचे नावच मराठी नियमाने धड लिहिता येत नव्हते.

मिहानमधील संगणक या इतिहासात उशिरा आला आणि वेगळ्या दाराने आला. तेथे टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, एचसीएल, इन्फोसिस अशा कंपन्यांचे काम परदेशी ग्राहकांसाठी आणि इंग्रजीतून चालते, त्यामुळे कळफलकाचा प्रश्न मागे पडला. पण निवडीचा अधिकार कर्मचाऱ्याकडे आला असे मात्र झाले नाही. यंत्र कंपनीचे, त्यावरची प्रणाली कंपनीची, आणि हजारो यंत्रांवर एकाच ठिकाणाहून नियंत्रण ठेवण्याची जी व्यवस्था मोठ्या कार्यालयांत रुळली होती ती बहुतांशी विंडोजभोवती बांधलेली. मॅक अशा कार्यालयांत शिरला तो गरजेपोटी. २००८ च्या जुलैत आयफोनसाठी ॲप विकण्याचे दालन उघडले, आणि त्या फोनचे ॲप तयार करण्याचे साधन केवळ मॅकवरच चालत असल्यामुळे, ज्या गटाला ते काम मिळे त्याच्या मेजावर मॅक ठेवणे भाग पडे.

याशिवाय मिहानच्या विशेष आर्थिक क्षेत्रात यंत्राला कायद्याचेही कुंपण आहे. २००५ च्या अधिनियमानुसार असे क्षेत्र, मान्य केलेल्या कामांपुरते, देशाच्या सीमाशुल्क हद्दीबाहेरचे समजले जाते. संगणकावरील मूळ सीमाशुल्क भारताने १९९७ मध्ये स्वीकारलेल्या माहिती तंत्रज्ञान करारामुळे पुढे शून्यावर आले, तरी आयातीवर लागणारा वस्तू व सेवा कर उरतोच, आणि क्षेत्रातील कंपनीला तोही माफ असतो. साहजिकच असा करमुक्त लॅपटॉप वेशीबाहेर नेणे ही नोंदीची आणि परवानगीची बाब ठरते. मार्च २०२० च्या टाळेबंदीत ही वेस एका फटक्यात ओलांडावी लागली, आणि जुलै २०२२ मध्ये केंद्र शासनाने ४३-अ हा नवा नियम घालून घरून काम करण्याला, तेव्हा निम्म्या कर्मचाऱ्यांच्या मर्यादेत, रीतसर मान्यता दिली. कार्यालयाचा लॅपटॉप घरी आला आणि त्याच्या शेजारी स्वतःच्या पैशाने घेतलेला दुसरा लॅपटॉप उभा राहिला, तेव्हा कुठे नागपूरच्या नोकरदाराला यंत्राची निवड ही खऱ्या अर्थाने स्वतःची झाली.

योगायोगाने याच सुमारास दोन्ही बाजूंची गणिते बदलली. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने स्वतःच्या एम-१ चिपवर चालणारे मॅक आणले; त्यांची बॅटरी दीर्घकाळ टिके, पण इंटेलच्या मॅकवर २००६ पासून असलेली विंडोज बसवण्याची अधिकृत सोय त्यांच्यावर राहिली नाही. त्यांतील एअर हे मॉडेल तर पंख्याशिवाय चालते, ही नागपूरच्या संदर्भात जरा गंभीरपणे घेण्याची गोष्ट आहे, कारण कंपनीने वापरासाठी सांगितलेली तापमानाची वरची मर्यादा ३५ अंश आहे, आणि मे महिन्यात दुपारी बिनाकूलरच्या खोलीत पारा ती मर्यादा सहज ओलांडतो. अर्थात विंडोजवाल्या अनेक लॅपटॉपांचीही मर्यादा याहून फार वेगळी नसते. दुसरीकडे २०२१ च्या ऑक्टोबरात आलेल्या विंडोज ११ ने टीपीएम २.० या सुरक्षा-चिपची अट घातली, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती थांबली. म्हणजे जुने पाठीवर वाहण्याचा लौकिक असलेल्या प्रणालीनेच धडधाकट यंत्रे वाटेत उतरवली.

तरीही स्थलांतर पूर्ण होत नाही. धरमपेठेत किंवा महालात ज्यांनी मॅक घेतला अशा डीटीपीवाल्यांच्या दुकानात नवे काम युनिकोडमध्ये आणि इनडिझाइनमध्ये होते, ज्याच्या २०१२ च्या आवृत्तीपासून देवनागरीची जोडाक्षरे नीट बसू लागली. पण लग्नसराईत जुने गिऱ्हाईक थोरल्या मुलीची पत्रिका घेऊन येते आणि तीच धाकटीसाठी, नावे आणि मुहूर्त बदलून, मागते. तेव्हा कोपऱ्यातल्या कापडाखालचा जुना पीसी सुरू केला जातो, मागच्या पोर्टातला डोंगल एकदा काढून पुन्हा खोचला जातो, आणि कोरलच्या पानावर ‘ई, जे, के’च्या त्याच कळांवर बोटे पुन्हा फिरू लागतात.