तळाची साक्ष

आरिताच्या सतराव्या शतकातल्या कितीतरी निळ्या-पांढऱ्या थाळ्यांच्या तळाशी सहा चिनी अक्षरे आढळतात. त्यांचा अर्थ, ही वस्तू मिंग घराण्यातल्या छंगह्वा बादशहाच्या काळात घडवली. त्या बादशहाची कारकीर्द 1465 ते 1487, आणि जपानात क्यूशू बेटावरच्या आरितात पोर्सिलेन भाजले जाऊ लागले ते 1610 च्या दशकात, जपानी सत्ताधीश हिदेयोशीच्या कोरियावरील स्वाऱ्यांनंतर तिथून आणलेल्या कुंभारांच्या हातून. म्हणजे अक्षरे दीडशे वर्षांपूर्वीचा काळ सांगतात. त्यात फसवणूक होतीच असे नाही. चीनमधल्या चिंगदचन या पोर्सिलेनच्या गावातल्या उत्तम कामाचा मान म्हणून, नक्षीचाच एक भाग म्हणून ती लिहिली जात. पण जुन्या जपानी भांड्याचे वय आणि मोल ठरवताना लिहिलेल्या खुणेला पहिला मान देणे का चुकीचे, हे त्यातून स्पष्ट होते. पहिला मान भांडे घडताना आणि भाजताना नकळत उरलेल्या खुणांचा.

त्यातली सर्वात बोलकी खूण तळाच्या कड्याच्या आत, झिलईवर असते: मोहरीएवढे तीन-चार किंवा अधिक खरबरीत ठिपके. भट्टीच्या उष्णतेत रुंद थाळीचा तळ खाली बसू नये म्हणून आरिताचे कारागीर मातीचे छोटे टोकदार टेकू लावत. ते काढले की हे व्रण राहत. चिंगदचनच्या थाळ्यांना सहसा अशा टेकूंची गरज पडत नसे. यावर आक्षेप येईल की ठिपके आजही मुद्दाम पाडता येतात, शिवाय ते एकोणिसाव्या शतकातल्या थाळ्यांवरही दिसतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. व्रण भांड्याच्या गावाकडे बोट दाखवतात, काळाकडे नाही. काळासाठी इतर पुरावे हवेत. सर्वात आधीची भांडी कच्च्या मातीवरच झिलई देऊन एकदाच भाजत, म्हणून कड्याजवळ कधी कधी कारागिराच्या बोटांचे ठसे सापडतात, आणि थाळीचे कडे तिच्या रुंदीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढे असते. मिंग सत्ता 1644 मध्ये कोसळल्यावर चिनी माल आटला आणि डच ईस्ट इंडिया कंपनीने 1659 मध्ये आरिताकडे 50,000 हून अधिक नग मागितले. या व्यापारी काळात चिनी निर्यातीच्या धर्तीवरच्या, कडेला चौकटी आखलेल्या मोठ्या थाळ्या तिथे भरपूर झाल्या. निळा रंगही बोलतो. जर्मन रसायनतज्ज्ञ गॉटफ्रीड वाग्नर 1870 मध्ये आरितात आला, त्या सुमारास कारखान्यात तयार केलेले कोबाल्ट वापरात आले. ते झगझगीत आणि एकसारखे दिसते, तर जुन्या खनिज रंगात करडी छटा आणि कमी-अधिक गडदपणा असतो. पुढे कागदी साच्यांनी आणि तांब्याच्या पत्र्यांनी नक्षी छापू लागले, तेव्हा कुंचल्याचा चढ-उतार नाहीसा झाला. एक खूण खोटी करणे सोपे. माती, कडे, रंग आणि हात यांचा मेळ जमवणे फार कठीण.

म्हणून लिहिलेले सगळेच निरुपयोगी, असे मी म्हणत नाही. आयात मालावर मूळ देशाचे नाव मागणाऱ्या अमेरिकेच्या 1890 च्या कायद्यामुळे निर्यातीच्या मालावर 'निप्पॉन' लिहिले जाऊ लागले आणि 1921 नंतर त्या जागी 'जपान' आले. ते शब्द असतील तर माल साधारण त्या काळाचा. पण शब्द नसणे हा जुनेपणाचा पुरावा नाही, कारण देशातच विकायच्या मालाला त्यांची गरजच नव्हती. परंपरेने चिकटलेल्या नावांचेही तसेच. कुतानी या दुसऱ्या गावावरून 'जुने कुतानी' म्हणून गौरवलेल्या रंगीत थाळ्यांचे तुकडे 1970 च्या दशकात आरिताच्या यांबेता भट्टीच्या उत्खननात निघाले, आणि आज बहुतेक अभ्यासक त्यांचे गाव आरिता मानतात. प्रतिष्ठेच्या नावापेक्षा भट्टीच्या उकिरड्यातली खापरी अधिक विश्वासार्ह ठरली.

मोलाचा हिशेब यानंतर येतो, आणि तो केवळ वयावर बसत नाही. तांब्याच्या पत्र्याने छापलेली, साधारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या मेइजी काळातली बशी शंभर वर्षांहून जुनी असूनही स्वस्त असते, कारण तशा असंख्य आहेत. उलट सुरुवातीच्या काळातली वेडीवाकडी, राखेचे डाग पडलेली थाळी महाग असते, कारण ती दुर्मिळ आहे आणि तिच्यात एका धंद्याची घडण दिसते. तडा, टवका किंवा नव्याने दिलेली झिलई किंमत पाडते. सोनेरी लाखेने सांधलेला तडा जपानात आदराने पाहिला जातो, तरी बाजारात अखंड नगालाच सहसा जास्त भाव. पारख शिकायची असेल, तर आरितातल्या क्यूशू सिरॅमिक संग्रहालयात शिबाता दांपत्याने दिलेला दहा हजारांहून अधिक नगांचा संग्रह आहे. त्यात दशकादशकाचे बदल शेजारी ठेवून ताडता येतात.