दाताच्या डॉक्टरची खुर्ची आणि आपली जुनी भीती



पनवेल तालुक्यातल्या आम्ही बचत गटाच्या बायका आज पुन्हा तुमच्याशी गप्पा मारायला आलोय. आजचा विषय आहे दातांचा.

मागे नेऱ्याकडच्या एका गटाच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा करणं चाललं होतं. एक वहिनी गालाला पदर दाबून बसल्या होत्या. तीन महिने दाढ दुखत होती आणि लवंग दाबून दिवस काढणं चाललं होतं. डॉक्टरकडे का गेला नाहीत, असं विचारलं तर म्हणाल्या, "माझ्या आजेसासूची दाढ काढली तेव्हा दोघांनी हात धरले होते, एकाने डोकं. ते ऐकल्यापासून हिंमतच होत नाही." मग आम्ही सगळ्यांनाच विचारलं. निम्म्याहून जास्त जणी दाताच्या डॉक्टरची पायरी कधीच चढल्या नव्हत्या. कारण सगळ्यांचं एकच होतं, भीती.

ही भीती खोटी नव्हती मैत्रिणींनो. आपल्या आज्यांच्या काळी ती खरीच होती. पण ज्या गोष्टींची भीती होती त्या एकेक करून बदलल्या आणि आपल्याला ते कुणी सांगितलंच नाही. म्हणून आज ती गोष्ट सांगतो.

दात दुखणं माणसाइतकंच जुनं आहे. आज पाकिस्तानात असलेल्या बलुचिस्तानात मेहरगढ नावाची फार जुनी वस्ती सापडली. तिथल्या नऊ माणसांच्या दाढांना गारगोटीच्या टोकाने पाडलेली बारीक भोकं मिळाली. ती साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीची आहेत. म्हणजे दात कोरून बघणारा कारागीर तेव्हाही होता. आपल्याकडे सुश्रुताच्या ग्रंथात तोंडाचे ६५ रोग मोजले आहेत आणि दातांवरचा थर खरवडायला 'दंतशंकु' नावाचं हत्यार सांगितलं आहे. आज डॉक्टर दात साफ करतात ते काम नवीन नाही. दात साफ केले की हलायला लागतात असं आपण म्हणतो. खरं म्हणजे त्या थरामुळेच हिरड्या सुटतात. थर निघाला की आधीच सैल असलेला दात आपल्या लक्षात येतो, एवढंच.

आता किडीची गोष्ट. आपण 'दाताला कीड लागली' म्हणतो. दाढेत खरोखर किडा असतो असं जगभर समजत. आपल्याकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन किडे पाडायची पद्धत होती. युरोपात त्यासाठी खुरासानी ओव्याचं बी जाळत. उष्णतेने बी फुटून आतला पांढरा कोंब बाहेर पडे आणि लोकांना तोच किडा वाटे. फ्रान्समधल्या पियर फोशार या दंतवैद्याने १७२८ साली दातांवर मोठा ग्रंथ लिहिला. भिंगाखाली शोधूनही आपल्याला किडा दिसला नाही, असं त्याने सांगितलं. पुढे १८९० मध्ये मिलर या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की तोंडातले जंतू गोडाधोडाचं आम्ल करतात आणि ते आम्ल दात पोखरतं. म्हणून धुरी देऊन उपयोग नाही. पोखरलेला भाग काढून तिथे सिमेंट भरावं लागतं.

तो भाग काढायचं यंत्र कसं आलं, हे आपल्या शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींना आवडेल. १८७१ साली अमेरिकेत मॉरिसन याने पायाने चालवायचं यंत्र केलं. शिलाई मशीनसारखाच पायटा होता! ते हळू फिरे, दात हादरे आणि वेळ लागे. १९५७ पासून हवेच्या जोरावर फिरणारं यंत्र आलं. ते इतकं वेगाने फिरतं की काम काही मिनिटांत होतं. कानाशी 'सूंऽऽ' असा आवाज येतो आणि तोंडात पाण्याचा फवारा उडतो. तो आवाज ऐकून घाबरू नका. पाणी दात गरम होऊ नये म्हणून असतं.

आणि दुखणं? आजेसासूचे हात धरावे लागले, कारण भूल नव्हती. १८४६ साली अमेरिकेत बोस्टन शहरात मॉर्टन या दंतवैद्याने ईथर हुंगवून शस्त्रक्रियेसाठी भूल दिली आणि ती जगाला माहीत झाली. म्हणजे साऱ्या शस्त्रक्रियांना भूल मिळवून देण्यात दाताच्या डॉक्टरचा मोठा वाटा आहे. त्यानंतर फक्त तेवढीच जागा बधिर करणारी औषधं आली. आज आपल्याकडे टोचतात ते लिग्नोकेन स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झालं. हिरडीला मुंगी चावल्यासारखं होतं, मग ओठ जड होतो. काढताना दाब जाणवतो, कळ येत नाही. आली तर हात वर करायचा, डॉक्टर थांबतात. बधिरपणा दोन-तीन तास राहतो. तोवर काही चावायचं नाही, नाहीतर आपलाच गाल चावला जातो.

फोटो काढायचीही भीती असते. क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा. काही आठवड्यांतच जर्मनीत वाल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचा फोटो काढून घेतला, तर २५ मिनिटं स्थिर राहावं लागलं! आज त्याला एक सेकंदही लागत नाही. दिवस गेले असतील तर मात्र आधी सांगायचं.

डॉक्टर तरी पूर्वी कुठे होते? गावात दात उपटणारे हातच वेगळे होते. मुंबईत चिनी दंतवैद्यांच्या पाट्या असत. आपल्या देशातलं पहिलं दंत महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात काढलं. तिथेच शिकलेल्या फातिमा जिना यांनी १९२३ साली मुंबईत दवाखाना उघडला. शंभर वर्षांपूर्वी एक बाई मुंबईत दातांवर उपचार करत होती, हे आपल्या मुलींना जरूर सांगा. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झालं. १९४८ साली कायदा झाला आणि नोंदणी असलेल्यानेच दातांवर उपचार करायचे असं ठरलं. म्हणून भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र बघायला लाजायचं नाही.

आपलं पनवेल तर औषधांचं गाव. धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक कारखाना इथे १८७२ साली सुरू झाला. आज कामोठे आणि खारघरला दंत महाविद्यालयं आहेत. तिथे शिकणारे डॉक्टर मोठ्यांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पण खर्च बहुधा खाजगी दवाखान्यापेक्षा कमी येतो. आपल्या आज्यांना मुंबई गाठावी लागे, आपल्याला एक रिक्षा पुरते.

शेवटी वहिनी तयार झाल्या. गटातून अंतर्गत कर्ज घेतलं आणि आम्ही दोघी सोबत गेलो. काय झालं ते क्रमाने सांगतो.

आधी केसपेपर. साखर, बीपी, हृदयाचा त्रास, रक्त पातळ करायची गोळी, कुठल्या औषधाची ॲलर्जी, दिवस गेलेत का, हे सगळं विचारलं. आपल्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. उपाशी जाऊ नका, दात काढायला नाश्ता करूनच जायचं असतं. मग खुर्ची मागे झुकली, वर दिवा लागला. छोटा आरसा आणि टोकदार सळई घेऊन डॉक्टरांनी एकेक दात पाहिला. मग फोटो काढला. दाढ वाचण्यासारखी नव्हती.

वहिनींनी तिथेही विचारलं, "वरची दाढ काढली की डोळे जातात ना?" डॉक्टर हसले नाहीत. डोळ्याने दिसायची नस वेगळी आणि दाताची वेगळी, असं त्यांनी नीट सांगितलं. दाढ निघाली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "झालं?" नंतर अर्धा तास कापूस दाबून धरायचा, सारखं थुंकायचं नाही, त्या दिवशी चूळ भरायची नाही आणि गरम चहा नको, एवढंच पथ्य होतं.

पण मैत्रिणींनो, गोष्ट इथे संपत नाही. त्याच आरशात गालाच्या आतल्या बाजूला एक पांढरा चट्टा दिसला. डॉक्टरांनी विचारलं, "मशेरी लावता का?"

तंबाखू आपल्या मुलखात पोर्तुगीजांबरोबर आला. बाप्यांनी विडी-चिलीम चव्हाट्यावर ओढली. बायकांनी तोच तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजला आणि परसात बसून दात घासायच्या निमित्ताने तोंडात धरला. आईने मुलीला, सासूने सुनेला दिला. १९९२ साली सरकारने दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली, पण आपल्या घरच्या तव्यापर्यंत कायदा पोचत नाही. तोंडाच्या कर्करोगाचं तंबाखू हे मोठं कारण आहे. टाटा रुग्णालयाचं केंद्र आपल्याच तालुक्यात खारघरला आहे, ते फक्त रस्त्यावरून जाताना बघायची पाळी यावी, एवढीच इच्छा.

वहिनींच्या चट्ट्याचा तुकडा तपासला. कर्करोग नव्हता. पण आणखी दोन-चार वर्षं लवंग दाबून बसल्या असत्या तर काय झालं असतं, हे सांगता येत नाही. त्यांनी मशेरी सोडली. सोपं नव्हतं. सकाळी पोट साफ होत नाही म्हणून दोनदा परत हात गेला. आता तीन महिन्यांनी तोंड दाखवायला जातात, सोबत कुणी लागत नाही.

आमच्या गटाने एक ठराव केला आहे. दर महिन्याला हप्ते मोजून झाले की मोबाईलच्या उजेडात एकमेकींची तोंडं बघायची. पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरलेलं तोंड, तीन बोटं आत जाणार नाहीत इतकं कमी उघडणारं तोंड, यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात दवाखाना. सोबतीला एक जण जाणारच. मशेरी सोडायला मदत हवी असेल तर १८००-११२-३५६ हा सरकारी नंबर फुकट आहे.

आजेसासूला तीन माणसांनी धरलं होतं, ते तिला दुखू नये म्हणून नव्हे, ती हलू नये म्हणून. आपणही एकमेकींचा हात धरू, पण तो दवाखान्याच्या दारापर्यंत सोबत म्हणून.

तुमच्या गटात कोण गाल धरून बसली आहे? आजच्या बैठकीत विचारा.