दिनविशेष : २५ नोव्हेंबर
१९९७ : नामशेष मानलेला रानपिंगळा शहाद्याजवळ सापडला

१८८४ नंतर खात्रीलायक नोंदच नसलेला रानपिंगळा हा छोट्या घुबडाच्या जातीचा पक्षी या दिवशी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना दिसला. माथ्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पायांवर दाट पांढरी पिसे आणि भरदिवसा निष्पर्ण झाडावर बैठक, ही त्याची ओळख. नामशेष जीव क्लोनिंगने परत आणता येतील, ही आशा जागवणाऱ्या 'डॉली' या क्लोन मेंढीची घोषणाही याच वर्षीची. पुढे २००३मध्ये स्पेनमधील नामशेष बुकार्डो रानशेळीचे क्लोन पिल्लू जन्मले, पण फुप्फुसातील दोषामुळे काही मिनिटांतच दगावले. रानपिंगळा मात्र जंगल टिकले म्हणून टिकला. २०१४मध्ये तो तानसा अभयारण्यातही आढळला. तानसा आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान यांना जोडणारे वसईचे तुंगारेश्वर जंगल म्हणूनच अखंड राखायला हवे.