ठासणीचा बार
खांडबाऱ्याकडे रानडुकरे पिकांत शिरली, की ठासणीच्या बंदुकीची गोष्ट निघावयाचीच. तिचा प्रत्येक बार हातानेच भरावयाचा: आधी दारू, मग बोळा, मग गोळी. दारूचे माप व ठासणीचा जोर दर वेळी सारखा राहिला तर नेम साधतो. अधिकउणे झाले की गोळी खालीवर जाते. १८५७ च्या एन्फील्ड काडतुसात हे माप आगाऊच कागदात बांधलेले असे. लोकांस त्याची चरबीच तेवढी आठवते, याचे आम्हांस नवल वाटते. १८६९ त खडकीस सरकारी दारूगोळ्याचा कारखाना निघाला. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्यावाचून बंदूक बाळगणे सामान्यांस गुन्हा ठरविले. १९५९ च्या कायद्यानेही पीकरक्षणास ठासणीची बंदूक सामान्यतः पुरेशी धरली. मोजून भरलेले काडतूस शिपायास मिळाले. शेतकरी आपली दारू तळहातावरच अजमावीत राहिला.